धूळ झाडू नका, ओढून घ्या

पाळी संपायला पंधरा मिनिटे उरली की बहुतेक लहान कारखान्यांत दोन गोष्टी घडतात. एक जण लांब दांड्याचा झाडू घेऊन जमिनीवरची वाळू, भुकटी आणि कीस कोपऱ्यात लोटू लागतो. दुसरा कॉम्प्रेसरची नळी उचलून यंत्रावर, टेबलावर आणि शेवटी स्वतःच्या अंगावर हवा मारतो. काही क्षण सगळी जागा धूसर होते. मग धूसरपणा ओसरतो, जमीन स्वच्छ दिसू लागते आणि दिवसाचे काम नीट आवरल्याचे समाधान घेऊन मंडळी घरी जातात.

प्रत्यक्षात तिथून धूळ गेलेली नसते. जमिनीवर निपचित पडलेली धूळ नाकाच्या उंचीवर आणून ठेवण्याचे काम तेवढे झालेले असते. दगड, वाळू, काँक्रीट, धातू किंवा लाकूड यांची बारीक भुकटी जिथे रोज तयार होते, तिथे झाडू आणि हवेची नळी ही साफसफाईची साधने मानणे आता थांबवायला हवे. अशा ठिकाणी धूळ तयार होते त्याच जागी ओढून घेणारी यंत्रणा असणे ही चैन नाही. त्या कामगाराच्या बाबतीत तेच औषध आहे, कारण या धुळीने होणाऱ्या आजारावर दुसरे औषध उपलब्धच नाही.

जी दिसते ती धूळ कमी घातक

धुळीबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज डोळ्यांमुळे होतो. उन्हाच्या तिरपेत तरंगताना दिसणारे मोठे कण नाकातल्या केसांत आणि घशातल्या चिकट स्रावात अडकतात. शिंकेतून, थुंकीतून बाहेर पडतात. फुप्फुसाच्या शेवटच्या टोकाला, वायुकोशांपर्यंत पोहोचतात ते साधारण चार-पाच मायक्रॉनांहून लहान कण. माणसाचा केस सुमारे सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना यावी. असा एकटा कण नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.

या कणांचा दुसरा गुण म्हणजे चिकाटी. पन्नास मायक्रॉनांचा दगडाचा कण नाकाच्या उंचीवरून सात-आठ सेकंदांत जमिनीवर येतो. पाच मायक्रॉनांच्या कणाला, हवा अगदी स्थिर असली तरी, बारा-तेरा मिनिटे लागतात. एक मायक्रॉनाचा कण सुमारे पाच तास तरंगत राहतो. कारखान्यातली हवा कधीच स्थिर नसते. पंखे, पट्टे, माणसांची ये-जा यांमुळे ती सतत हलत असते. म्हणजे सकाळी मारलेल्या झाडूची धूळ दुपारच्या डब्यापर्यंत हवेत असू शकते. झाडू मारणारा हात धुऊन जेवायला बसतो, पण श्वास तीच हवा घेत राहतो.

गुळाचा खडा आणि फुप्फुस

या धुळीतला सर्वांत घातक घटक म्हणजे स्फटिकी सिलिका. साधी वाळू, वालुकाश्म, ग्रॅनाइट, काँक्रीट, विटा या सगळ्यांत ती असते. तिचा बारीक कण वायुकोशात शिरला की शरीराच्या भक्षक पेशी त्याला गिळतात. जंतू असता तर तो पचला असता. सिलिका पचत नाही. पेशी मरते, कण पुन्हा मोकळा होतो, नवी पेशी त्याला गिळते आणि तीही मरते. या न संपणाऱ्या झटापटीत फुप्फुसात गाठी आणि व्रण तयार होतात. स्पंजासारखा मऊ अवयव कडक होत जातो. या आजाराचे नाव सिलिकोसिस.

सुरुवातीला काहीच जाणवत नाही. कमी-अधिक धुळीत दहा-पंधरा वर्षे गेल्यावर जिना चढताना धाप लागते, खोकला जात नाही. धूळ फारच दाट असेल तर काही वर्षांतच हे घडते. तोवर माणूस ते काम सोडून गावी गेलेला असू शकतो, पण फुप्फुसात साचलेले कण त्याच्याबरोबर गेलेले असतात. धुळीचे काम थांबल्यावरही आजार पुढे सरकू शकतो. झालेले व्रण भरून काढणारे औषध नाही. सिलिकोसिस झालेल्या व्यक्तीला क्षयरोग होण्याची शक्यता कित्येक पटींनी वाढते आणि दोन्हींची लक्षणे मिळतीजुळती असल्याने अनेकांवर केवळ क्षयाचे उपचार होत राहतात. श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका माणसात कर्करोग निर्माण करते, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्येच काढला होता.

अशा आजारापुढे आपल्याकडच्या कारखान्यांत अजून गुळाचा खडा वाटला जातो. गुळाने छातीतली धूळ सुटते, हा समज पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. गूळ खाण्यात गैर काही नाही, पण तो अन्ननलिकेतून जठरात जातो. वायुकोशात रुतलेल्या सिलिकेशी त्याची गाठ पडण्याचा मार्गच नाही. मालकाने गूळ दिला आणि कामगाराने तो खाल्ला की दोघांनाही काळजी घेतल्यासारखे वाटते, हा यातला खरा धोका.

पाटीवर लिहायची पेन्सिल अनेक पिढ्यांच्या हातात होती. ती जिथे घडत होती, त्या मध्य प्रदेशातील मंदसौरच्या कामगारांची तपासणी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने केली. १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांना सिलिकोसिस आढळला. मुळाक्षरे गिरवणाऱ्या मुलांच्या पेन्सिलीमागे कोणाचे तरी फुप्फुस झिजत होते. याच संस्थेने पुढे गुजरातमधील खंभातच्या अकीक घासणाऱ्या कारागिरांसाठी, यंत्राला जोडता येईल अशी धूळ ओढून घेणारी व्यवस्था तयार केली. उपाय माहीत नव्हता, असे म्हणायची सोय आपल्याला राहिलेली नाही.

फुंकर आणि ओढ

धूळ ओढून घेणे म्हणजे भिंतीला मोठा पंखा बसवणे नव्हे. हातभर अंतरावरची मेणबत्ती फुंकर मारून सहज विझते. तेवढ्याच अंतरावरून श्वास आत ओढून ती कोणालाही विझवता येत नाही. फुंकलेली हवा सरळ झोत करून दूर जाते, ओढलेली हवा मात्र चारी बाजूंनी येते. म्हणून शोषणाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने घटतो. नळीच्या तोंडाशी जो वेग असतो, तो नळीच्या व्यासाइतक्याच अंतरावर जेमतेम एक दशांश उरतो. चार इंची नळी धुळीपासून चार इंच लांब नेली की तिची बहुतेक ताकद गेली.

चांगल्या यंत्रणेचा पहिला नियम त्यातून निघतो: तोंड धुळीच्या उगमाला चिकटून हवे आणि शक्य तितके झाकलेले हवे. ग्राइंडरच्या चाकाभोवती आवरण, कापणाऱ्या पात्याला टोपी, वाळू चाळणाऱ्या चाळणीवर बंदिस्त झाकण. तिथून धूळ नळीत जाते. नळीतला वेग सेकंदाला अठरा-वीस मीटरच्या आसपास ठेवावा लागतो, नाहीतर खनिजांची जड धूळ वाटेतच साचून नळी तुंबते. पुढे सायक्लोनमध्ये हवा गरगर फिरते आणि जाड कण कडेला आपटून खाली पडतात. मग कापडी पिशव्यांचा किंवा कार्ट्रिजचा फिल्टर बारीक कण अडवतो. पंखा सर्वांत शेवटी, म्हणजे त्याच्याकडे स्वच्छ हवा येते आणि वाटेत नळीला भोक पडले तरी धूळ बाहेर फेकली न जाता आतच ओढली जाते.

जिथे यंत्र एका जागी नसते, तिथे हातातल्या अवजाराला आवरण लावून त्याची नळी औद्योगिक व्हॅक्यूमला जोडतात. हा घरातला व्हॅक्यूम क्लीनर नव्हे. साध्या घरगुती यंत्राची पिशवी कचरा धरते, पण सर्वांत बारीक कण मागच्या जाळीतून पुन्हा खोलीत सोडू शकते. युरोपात अशा यंत्रांचे एल, एम आणि एच असे वर्ग केलेले आहेत. एम वर्गाच्या यंत्रातून हजारातला एक भागही धूळ निसटता कामा नये. एच वर्गाची अट त्याहून कडक, लाखात पाच भाग. काँक्रीट घासणाऱ्या ग्राइंडरला आवरण आणि असा व्हॅक्यूम जोडल्यावर हवेतली बारीक धूळ नव्वद टक्क्यांहून अधिक घटल्याचे अमेरिकेतील मोजण्यांत दिसले आहे. बंद खोलीत उरलेली धूळही मर्यादा ओलांडू शकते, म्हणून तिथे जोडीला मास्क लागतोच. पण शंभरातले नव्वद कण यंत्राने घेतल्यावर उरलेल्या दहांशी मास्कची लढाई वेगळी आणि शंभरांशी वेगळी.

कायदा १९४८ पासून तेच सांगतो

हे सगळे परदेशी लाड आहेत, असे कोणी म्हणू नये. स्वतंत्र भारताच्या १९४८ च्या, २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमातील कलम १४ धुळीवरच होते. धूळ श्वासात जाऊ नये आणि कामाच्या खोलीत साचू नये यासाठी परिणामकारक उपाय करा, आणि शोषक यंत्र लागत असेल तर ते धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ लावून ती जागा शक्य तितकी बंदिस्त करा, असे ते कलम सांगत होते. वर उल्लेखलेला चार इंचांचा नियम कायद्याच्या भाषेत पाऊणशे वर्षांपूर्वीच लिहिला गेला आहे. याच कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस होता. म्हणजे कारखान्यातील कामगारात तो आढळला तर डॉक्टरने ते कळवणे बंधनकारक होते.

मर्यादेचा आकडाही समजून घेण्यासारखा आहे. अमेरिकेने २०१६ मध्ये श्वासात जाणाऱ्या स्फटिकी सिलिकेची मर्यादा आठ तासांच्या सरासरीने घनमीटर हवेत ५० मायक्रोग्रॅम ठरवली. भारतीय कायद्यातील सूत्र लावले तर ती सुमारे दुप्पट येते. एका पाळीत काम करणारा माणूस साधारण दहा घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे अमेरिकी मर्यादेनुसार दिवसभरात त्याच्या श्वासात जास्तीत जास्त अर्धा मिलिग्रॅम सिलिका यावी. मिठाच्या आठ-दहा कणांचे वजन भरेल इतकी. आपल्या मर्यादेने पंधरा-वीस कण. इतक्या अल्प मात्रेचा हिशेब झाडूने सांभाळता येत नाही. त्याच अमेरिकी नियमात, ओल्याने पुसणे किंवा फिल्टर लावलेला व्हॅक्यूम वापरणे शक्य असताना कोरडा झाडू मारण्यास मनाई आहे. कपड्यांवर हवा मारण्यावरही बंधन आहे.

आपल्याकडे अडचण कायद्याच्या शब्दांत कमी आणि त्याच्या कक्षेत अधिक आहे. विजेवर चालणाऱ्या कामाच्या जागी १९४८ च्या कायद्याने दहा कामगारांना कारखान्याचा उंबरठा मानला होता. संसदेने २०२० मध्ये मंजूर केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेत तो वीसवर गेला. सर्वांत दाट धूळ मात्र चार-सहा जणांच्या शेडमध्ये असते. तिथे छत बुटके, पंखा एक आणि कामगार ठेकेदाराचे.

आक्षेप आणि त्यांची उत्तरे

मालकांचा पहिला आक्षेप खर्चाचा असतो आणि तो खोटा नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावसारख्या वसाहतींतून देशभर कास्टिंग जाते. फाउंड्रीच्या धंद्यात किलोमागे काही रुपयांवर काम मिळते किंवा जाते. डस्ट कलेक्टरची किंमत, त्याच्या मोटरचे वीजबिल, फिल्टर बदलण्याचा खर्च हे सगळे त्या दरात बसवायचे असते. पण यंत्रणा न बसवल्याने खर्च वाचत नाही, तो दुसऱ्याच्या खात्यावर जातो. दहा वर्षांनी तो कामगाराच्या घरात, सरकारी रुग्णालयात आणि त्याच्या बायकोच्या मजुरीत दिसू लागतो. राजस्थानला २०१९ मध्ये सिलिकोसिसग्रस्तांसाठी स्वतंत्र धोरण आणावे लागले, ते याच साचलेल्या बिलामुळे. आजार झाल्यावर भरपाई देणारे सरकार आजार होण्याआधी फिल्टरसाठी स्वस्त कर्ज का देत नाही, हा प्रश्न रास्त आहे. वसाहतीतल्या लहान उद्योगांनी मिळून फिल्टर धुण्याची, हवेची मोजणी करण्याची आणि फिरत्या व्हॅक्यूमची सोय उभी केली तर एकेकट्यावरचा भार हलका होईल. काँक्रीट मिक्सर भाड्याने मिळतो, तसा एम वर्गाचा व्हॅक्यूमही मिळू शकतो.

दुसरा आक्षेप असा, की मास्क दिला आहे, कामगारच तो लावत नाही. भट्टीशेजारी, मे महिन्यात, आठ तास घट्ट मास्क लावून पाच किलोचे अवजार पेलणे किती शक्य आहे, याचा विचार हा आक्षेप घेणाऱ्याने करावा. दाढीची खुंटे, घाम, सैल पट्टी यांतून हवा कडेने शिरते. तोंडाला बांधलेला रुमाल तर बारीक कणांना जवळजवळ अडवतच नाही. मास्कने सुरक्षिततेची जबाबदारी कामगाराच्या चेहऱ्यावर टाकली जाते. शोषक यंत्रणा ती यंत्रावर ठेवते. काम करणाऱ्याला दर मिनिटाला आठवण ठेवावी लागणार नाही, तीच व्यवस्था वर्षानुवर्षे टिकते.

तिसरा आक्षेप, पाणी मारले की झाले. ओले कापणे खरोखर उपयोगी आहे आणि जिथे जमते तिथे ते आधी करावे. पण वितळलेल्या धातूजवळ किंवा विजेच्या उघड्या जोडण्यांजवळ पाणी चालत नाही. शिवाय ओला गाळ वाळला की त्याची पुन्हा धूळ होते, आणि तो गाळ उचलायला पुन्हा झाडू येतो.

यंत्रणा बसवणाऱ्यांनीही गाफील राहून चालणार नाही. फिल्टर तुंबला की पंख्याचा आवाज तसाच येतो, शोषण मात्र थांबलेले असते. म्हणून फिल्टरच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक दाखवणारा काटा रोज पाहावा लागतो. भरलेली पिशवी उघड्यावर झटकली तर महिनाभराची मेहनत एका मिनिटात वाया जाते. आणि धूळ जळणारी असेल, म्हणजे साखर, पीठ, लाकूड, ॲल्युमिनियम, तर साधा व्हॅक्यूम स्वतःच ठिणगीचे कारण ठरू शकतो. तिथे स्थिर वीज जमिनीत सोडणारी खास यंत्रणाच हवी. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ७ फेब्रुवारी २००८ रोजी एका साखर कारखान्यात स्फोट होऊन १४ जण मरण पावले. साखर वाहून नेणारा पट्टा आधीच्या वर्षी पत्र्याने बंदिस्त केला होता, पण आतली धूळ ओढून घेण्याची सोय केली नव्हती. तिथला पहिला स्फोट मर्यादित होता. इमारतीभर साचलेल्या साखरेच्या भुकटीने पुढचे स्फोट पेटवले. साखरेचे राज्य म्हणवणाऱ्या महाराष्ट्राने ही घटना लक्षात ठेवावी.

धूळ आपल्या ओट्यापर्यंत येते

हा विषय कारखान्याच्या फाटकाआड संपत नाही. घराचे नूतनीकरण निघाले की दोन तरुण येतात, जिन्यात किंवा गॅलरीत बसतात आणि स्वयंपाकघराच्या ओट्यासाठी ग्रॅनाइट कोरडेच कापतात. पांढरा लोट उठतो. घरातली माणसे दार लावून घेतात. कापणारा तिथेच बसलेला असतो. ग्रॅनाइटमध्ये सिलिका साधारण पाव ते जवळजवळ निम्मी असू शकते. सध्या लोकप्रिय असलेल्या कृत्रिम क्वार्ट्झच्या फरशीत ती नव्वद टक्क्यांच्या पुढेही जाते. अशा फरशा कापणाऱ्या तरुण कामगारांना अल्पकाळातच सिलिकोसिस होऊ लागल्यावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यांच्या वापरावर बंदी घातली. असे करणारा तो पहिला देश.

मुंबई महापालिकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये बांधकामाच्या धुळीबाबत नियमावली काढली. बांधकामाभोवती उंच पत्रे, हिरवे कापड, पाण्याचे फवारे हे त्यानंतर शहरभर दिसू लागले. रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी ते चांगलेच आहे. परंतु कापड धूळ बाहेर येऊ देत नाही याचा दुसरा अर्थ ती आत राहते, आणि आत माणसे काम करतात. आडोसा आणि शोषण या दोन गोष्टी एकत्र असल्या तरच शेजारी आणि कामगार दोघेही वाचतात. महापालिकांनी, सार्वजनिक बांधकाम खात्याने आपल्या निविदांत कापणे, घासणे, छिद्र पाडणे या कामांसाठी ‘ओले किंवा व्हॅक्यूम जोडलेले अवजार’ ही अट घालावी आणि तिचा दर अंदाजपत्रकात धरावा. सरकारच सर्वांत मोठे बांधकाम करणारे असल्याने एवढ्यानेही बाजारात अशी अवजारे स्वस्त होऊ लागतील.

औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या तपासणीत यंत्रणा बसवलेली आहे की नाही, एवढ्या नोंदीवर भागू नये. आवरणाच्या तोंडाशी हवेचा वेग किती, कामगाराच्या श्वासाच्या जागी सिलिका किती, हे दोन आकडे लिहिले जावेत आणि ते कामगारांना वाचता येतील अशा ठिकाणी मराठीत लावले जावेत. छातीच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णाला ‘काय काम करता आणि आधी काय करत होता’ हा प्रश्न प्रत्येक दवाखान्यात विचारला जावा. आणि ओटा बसवून घेणाऱ्या कुटुंबाने ठेकेदाराला दराबरोबर एवढेच विचारावे, की कापताना पाणी लावणार की व्हॅक्यूम. दरात थोडा फरक पडेल. तो फरक आज कापणारा तरुण आपल्या श्वासाने भरतो आहे.